‘आज काय झालं?’ला ‘काही नाही’ म्हणणारा चौदा वर्षांचा मुलगा

एका आईने विचारलं आहे: मुलगा १४ वर्षांचा आहे. सातव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, पुढे एडीएचडीचंही (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड जातं ती अवस्था). रॉकेट या विषयावर तासभर न थांबता बोलतो. पण ‘आज शाळेत काय झालं?’ म्हटलं की ‘काही नाही’. कधी सांगायला लागलाच तर कोण, कुठे, आधी काय, नंतर काय, कशाचा म्हणजे कशाचा पत्ता लागत नाही. शाळेतल्या एका भांडणात त्याला स्वतःची बाजू सांगता आली नाही आणि सगळा दोष त्याच्यावर आला. हा मुद्दाम लपवतो का? ही भाषेची अडचण की स्मरणशक्तीची? आणि चौदाव्या वर्षी आता उशीर झाला का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. बहुधा लपवत नाही. आणि उशीर झालेला नाही. मधल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, कारण मी वाचा-भाषा उपचाराचं काम करते त्याला वीसहून जास्त वर्षं झाली आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ तिथेच असतो. ‘एवढं बोलतो, मग भाषेची अडचण कशी?’

रॉकेटची माहिती सांगणं आणि शाळेत घडलेलं सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. माहिती आधीच कुणीतरी रचून ठेवलेली असते. इंधन, टप्पे, वजन, वेग, सगळं आपापल्या खणात. मुलाने ते खण उघडायचे. घडलेला प्रसंग असा रचून येत नाही. शाळेतल्या सहा तासांतून एक तुकडा निवडायचा, त्याची सुरुवात कुठे धरायची ते ठरवायचं, समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही याचा अंदाज घ्यायचा, वाक्य जुळवायचं, आणि ते बोलत असताना पुढचं विसरायचं नाही. हे सगळं एकाच वेळी. वर ‘आज काय झालं?’ हा प्रश्न इतका मोघम की तुम्ही-आम्हीही त्याला ‘काही विशेष नाही’च म्हणतो. आपल्याला कुणी त्यासाठी तपासणीला पाठवत नाही, एवढाच फरक.

एक नमुना दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, वाक्यांची ठेवण तीच आहे. १२ वर्षांचा मुलगा, वर्गातल्या भांडणाबद्दल सांगत होता:

‘तो आला. मग त्याने घेतली. मग मी म्हटलं नको. मग मी ओढली. मग ती पडली. मग सर आले. मग मला ओरडले.’

व्याकरणात एकही चूक नाही. ‘त्याने घेतली’ म्हणताना ‘ने’ लावला, क्रियापद स्त्रीलिंगी केलं, म्हणजे घेतलेली वस्तू स्त्रीलिंगी आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. फक्त ती वस्तू कोणती हे सांगायचं राहिलं. त्याला माहीत होतं, म्हणून आपल्यालाही माहीत असणार. ती होती पाण्याची बाटली. ओढाओढीत पडली, पाणी शेजारच्या मुलीच्या वहीवर सांडलं. सर आले तेव्हा ती मुलगी रडवेली उभी होती आणि हा सांगत होता, ‘मी ओढली, मग ती पडली.’ सरांनी त्याचा जो अर्थ लावला तो कुणीही लावला असता.

मी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि काड्यांची माणसं काढत एकेक वाक्य परत घेतलं. ‘तो’ कोण? ‘घेतली’ काय? पाचव्या चौकटीवर मी विचारलं, ‘नको का म्हणालास?’ तर म्हणाला, ‘त्याने तोंड लावलं तर मला दिवसभर पाणी पिता येत नाही.’ सगळ्या भांडणाचं मूळ हे होतं, आणि सांगताना नेमकं तेच गळलं होतं.

असं का होतं ते समजून घ्यायला गोष्टीचा सांगाडा बघावा लागतो. नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी १९७९ मध्ये मांडलेली रचना आम्ही आजही वापरतो: कोण-कुठे, काहीतरी बिघडतं, त्यावर पात्राच्या मनात काय येतं, ते काय करायला जातं, त्यातून काय होतं, आणि शेवटी त्याला काय वाटतं. बाटलीच्या गोष्टीत कृती सगळ्या आहेत. मन कुठेच नाही. शिवाय ‘मग’ हा एकच सांधा सहा वेळा आला आहे. ‘मग’ने फक्त क्रम कळतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ हे शब्द आले की घटना एकमेकींना बांधल्या जातात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ मध्ये लिहिलं होतं की ज्या गोष्टीतून ‘हे मी का सांगतोय’ हे कळत नाही, तिला ऐकणारा ‘बरं, मग?’ एवढंच म्हणतो. माझ्याकडे येणारी कित्येक मुलं हे ‘बरं, मग?’ इतक्या वेळा ऐकून आलेली असतात की त्यांनी सांगणंच सोडलेलं असतं. तुमच्या मुलाच्या ‘काही नाही’मागे तेही असू शकेल.

आता भाषा की स्मरणशक्ती, याकडे येते. गोष्ट कुठे मोडते ते शोधल्याशिवाय उपचार सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि शोधायची पद्धत फार अवघड नाही. शब्द नसलेली चित्रकथा दाखवायची आणि सांगायला लावायची. नंतर त्यावरच प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर येतात पण सांगणं विस्कटतं, तर समज आणि आठवण दोन्ही जागेवर आहेत, रचना ढासळते आहे. १९९३ मध्ये रोझमेरी टॅनॉक आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या मुलग्यांमध्ये जवळजवळ हेच पाहिलं. गोष्टीतला मुख्य मुद्दा त्यांना इतरांइतकाच कळला होता, पण परत सांगताना मजकूर कमी, क्रम विस्कळीत आणि ‘तो’ म्हणजे कोण याचा पत्ता नाही. उलट चित्रं समोर असताना नीट सांगतो आणि चित्रं उचलली की थांबतो, तर ओझं आठवणीवर आहे. आणि मी आधी सांगून दाखवल्यावरही वाक्यंच तुटक येतात, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जो-तो’ अशी जोडवाक्यं बनतच नाहीत, शब्द सापडत नाहीत, तर भाषाविकासाचा विकार, ज्याला डीएलडी म्हणतात, तो आहे का हे तपासायला हवं. हा विकार दुर्मीळ नाही. साधारण ७ टक्के मुलांमध्ये असतो, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं. ऑटिझमचं निदान आधीच झालं असेल तर भाषेच्या अडचणीला डीएलडी म्हणत नाहीत, एडीएचडीसोबत मात्र डीएलडीचंही निदान होऊ शकतं. नाव कोणतंही असो, ती अडचण असतेच. पहिल्या निदानाच्या सावलीत ती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

निदानाचं नाव बघून गोष्ट कशी असेल हे ठरवू नये, तरी काही कल ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ऑटिझममध्ये मुलं पुस्तकातली गोष्ट बऱ्यापैकी सांगतात आणि स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगताना अडतात. मॉली लॉश आणि लिसा कॅप्स यांनी २००३ मध्ये हा फरक नोंदवला होता. पुस्तकाला सांगाडा असतो, आयुष्याला नसतो. डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांचं उलटं: वाक्यं लहान, उच्चार अस्पष्ट, त्यामुळे ऐकणारा गृहीत धरतो की यांना गोष्ट सांगता येत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या वाक्यरचनेवरून वाटावं त्यापेक्षा त्यांच्या गोष्टीत कथानक जास्त असतं, विशेषतः चित्रांचा आधार असेल तर. विल्यम्स सिंड्रोम हा दुर्मीळ जनुकीय विकार असलेली मुलं आवाज चढवून-उतरवून, ‘आणि काय झालं माहितीये?’ करत ऐकणाऱ्याला धरून ठेवतात. रंगत भरपूर, पण आतला धागा कधी कधी विरळ. नुसतं ‘बोलतो छान’ ऐकून समाधान मानू नये ते यासाठीच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी सुरुवातीची काही वर्षं असं समजत होते की गोष्ट तुटते ती सांगणाऱ्याकडून. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही, तसं इतरांनाही त्याचं वाचता येत नाही. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. आठ माणसांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांमध्ये गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्यांमध्ये. जास्त गळती झाली ती मिसळलेल्या साखळ्यांमध्ये. पुढच्या मोठ्या प्रयोगात ही मिसळलेल्यांची गळतीही तशी दिसली नाही, पण ऑटिस्टिक माणसं मागे पडली नाहीत हे तिथेही खरं ठरलं. हे वाचल्यापासून मी मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी मोठ्यांचे प्रश्न मोजते. पुष्कळदा एका मिनिटात अकरा-बारा प्रश्न निघतात, आणि त्यातले बरेच माझेच असतात!

उशिराबद्दल. कारणं जोडत आयुष्यातला प्रसंग सांगणं, ‘मी असा का आहे’ हे प्रसंगांतून उलगडणं, ही क्षमता कुणातही लहानपणी पूर्ण होत नाही. ती घडते किशोरवयातच. म्हणजे १४ हे वय चुकलेलं नाही, उलट कामाचं आहे. माध्यमिक शाळेतल्या, भाषेची अडचण असलेल्या मुलांवर व्हिक्टोरिया जॉफी आणि सहकाऱ्यांनी मोठी चाचणी केली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले वर्गसहायक होते, तरीही मुलांचं कथन सुधारलं. सुधारणा माफक होती, चमत्कार नव्हता. मीही चमत्काराचं आश्वासन देत नाही.

आता घरी काय करायचं. मोघम प्रश्न बंद करा. त्याऐवजी आधी तुमचा प्रसंग सांगा, आणि त्यात तुमची फजिती असू द्या. ‘आज मी चष्मा शोधत होते. सगळं घर पालथं घातलं. वैतागले, कारण उशीर झाला होता. पण तो डोक्यावरच होता.’ चार वाक्यं पुरेत. लगेच ‘आता तू सांग’ म्हणू नका. दोन-तीन आठवडे फक्त ऐकू दे.

मग अशी जागा शोधा जिथे सांगायला खरं कारण आहे. तुम्ही दोघं कुठे गेलात, काहीतरी घडलं, आणि घरचं एक माणूस तिथे नव्हतं. तो प्रसंग त्या माणसाला सांगायचा. यासारखी दुसरी संधी नाही: तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणून अडल्यावर हात देता येतो, आणि ऐकणाऱ्याला खरंच माहीत नसतं म्हणून सांगण्याला अर्थ असतो. फोनवर एखादा फोटो काढून ठेवलात तर तोच त्याचा खुंटा. तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट तुम्हालाच सांगायला लावणं ही परीक्षा झाली, आणि १४ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं.

कागदावर काड्यांची चित्रं काढणं लहान मुलांसाठी आहे असं समजू नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबरही मी ते करते. चित्र वाईट असलेलं चांगलं, वेळ चित्रात जाऊ नये. पाच-सहा चौकटी, बाण, आणि प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक रिकामा ढग, विचारांसाठी. ढग भरायची घाई करू नका. ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं आणि शब्दांत सांगणं कठीण जातं. ‘कसं वाटलं?’ला ‘माहीत नाही’ हे त्याचं प्रामाणिक उत्तर असू शकतं. त्यापेक्षा ‘पोटात काय झालं? हात कसे होते? तेव्हा काय करावंसं वाटत होतं?’ यांना उत्तरं येतात. आणि जे उत्तर येईल ते बदलायचं नाही. ‘कान दुखायला लागले’ म्हणाला तर ढगात कान दुखले हेच लिहा. ‘म्हणजे तुला राग आला’ असं आपण लिहिलं की ती गोष्ट आपली झाली.

‘मग’ची सवय मोडायला एका वेळी एकच शब्द घ्या. मी ‘पण’पासून सुरुवात करते. बहुतेक ठिकाणी ‘कारण’ आधी शिकवतात, मला ते पटत नाही. गोष्ट वळते ती ‘पण’वर: सगळं नीट चाललं होतं, पण. एका कार्डावर ‘पण’ लिहून टेबलावर ठेवायचं, सांगताना कुठेतरी ते उचलायचं. दहा-पंधरा दिवसांनी ‘म्हणून’, मग ‘कारण’. चूक दुरुस्त करू नका, बरोबर करून परत म्हणा. तो म्हणाला ‘तो आला, मग त्याने घेतली’, तुम्ही म्हणा, ‘अच्छा, शेजारचा मुलगा आला आणि त्याने तुझी बाटली घेतली.’ पुढे गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण त्याला ते लागतात.

आणि त्याचं रॉकेट वाया घालवू नका. एप्रिल १९७० मधल्या अपोलो १३ची मोहीम त्याला तोंडपाठ असणार. चंद्राकडे निघालेल्या यानात ऑक्सिजनची टाकी फुटली, तिघं अंतराळवीर त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, म्हणजे चांद्रयानात, जाऊन बसले, तिथे श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. मुख्य यानातली गाळणी होती चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. जमिनीवरच्या लोकांनी यानात असलेल्या वस्तूंमधूनच जोड कसा बनवायचा ते सांगितलं. स्टाइन आणि ग्लेन यांच्या रचनेतले सगळे भाग यात आयते आहेत. तुमचा मुलगा टाकीचा दाब सांगेल. त्याला विचारा: गाळणी बसत नाही हे कळलं तेव्हा त्या तिघांच्या डोक्यावरच्या ढगात काय असेल? तांत्रिक उत्तर आलं तरी चालेल. ‘अजून किती तास हवा पुरेल हे मोजत असतील’ हे एका मुलाने मला दिलेलं उत्तर आहे आणि भीतीचं त्याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. इथे ढग भरायला जमलं की शाळेतल्या प्रसंगाकडे यायचं, त्याआधी नाही.

चित्रांची कार्डं क्रमाने लावण्याचा खेळ मात्र सोडून द्या. कित्येक मुलं ती कार्डं अचूक लावतात आणि गोष्ट एकही सांगत नाहीत.

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल तर घरची बंद करा असा सल्ला मिळतो. ऐकू नका. गोष्टीचा सांगाडा एका भाषेत बसला की दुसऱ्या भाषेत पुष्कळसा सोबत जातो. शब्द तेवढे वेगळे शिकावे लागतात. आणि मनातलं सांगायला घरची भाषाच आधी धावते.

शाळेशी बोलताना मागणी नेमकी करा. भांडण झाल्यावर सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या ‘का केलंस?’ विचारायचं नाही. अर्धा तास जाऊ द्यायचा, कागद-पेन्सिल द्यायची, ‘तिथे कोण कोण होतं?’पासून सुरुवात करायची. ‘तूच ढकललंस ना?’ असा हो-नाहीचा प्रश्न टाळायचा, कारण अशी मुलं प्रसंग संपवण्यासाठी ‘हो’ म्हणून मोकळी होतात. नजर मिळवत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही, उत्तरं एका शब्दात देतो, हे खोटेपणाचं लक्षण मानलं जातं, आणि याची किंमत शाळेबाहेरही मोजावी लागते. ऑस्ट्रेलियात पामेला स्नो आणि मार्टीन पॉवेल यांनी कोठडीतल्या १०० तरुण मुलग्यांची भाषा तपासली (२०११). त्यातल्या जवळपास निम्म्यांना भाषेची अडचण होती. आपली बाजू सांगणं ज्यांच्यासाठी सर्वांत गरजेचं होतं, त्यांनाच ते अवघड होतं.

तज्ज्ञाकडे जायचं ठरवलंत तर आधी श्रवणतपासणी करून घ्या, पूर्वी झाली असली तरी. सोबत त्याचं तीन वेळा बोलणं रेकॉर्ड करून न्या, प्रत्येकी तीन-चार मिनिटं: एकदा आवडत्या विषयाची माहिती, एकदा पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट, एकदा स्वतःवर आलेला प्रसंग. त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तरच. तिन्ही शेजारी ठेवून ऐकली की काय मोडतंय ते अर्ध्याहून जास्त तिथेच कळतं. आणि त्यातून तुमचे प्रश्न, तुमचं ‘हं’, तुमचं ‘अरे पण कोण?’ कापू नका. मला तेही ऐकायचं असतं.